गुन्हेगारी वेबसाइट बंद पाडल्याने ऑनलाइन गुन्हे खरोखर कमी होतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बँकेच्या नावाने चालणारी बनावट वेबसाइट तक्रारीनंतर दोन दिवसांनी बंद झाली. पण त्याच आठवड्यात हुबेहूब तशीच दुसरी वेबसाइट वेगळ्या नावाने उभी राहिली. मग बंद पाडण्याच्या या कामाला, ज्याला या क्षेत्रात टेकडाउन म्हणतात, काही अर्थ आहे का? त्यापेक्षा तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ गुन्हेगार पकडण्यासाठी वापरलेला बरा नाही का?

मी बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे आणि माझे उत्तर आहे की या कामाला अर्थ आहे, पण तो दोन अटींवर. पहिली अट अशी की किती वेबसाइट पाडल्या हे मोजण्याऐवजी लोक फसण्याआधी किती पाडल्या हे मोजले पाहिजे. दुसरी अट अशी की पाडापाडीत गुन्हेगाराच्या हातून असे काही गेले पाहिजे, जे त्याला दुसऱ्या दिवशी चार पैसे टाकून परत मिळवता येणार नाही. या अटी पाळल्या जात नाहीत तेव्हा टेकडाउनचे आकडे अहवालात शोभून दिसतात आणि फसवणूक मात्र होती तशीच चालू राहते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘वेबसाइट बंद करा’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात बंद करण्याच्या जागा अनेक असतात आणि त्यांतली कोणती निवडायची यावर सारे अवलंबून असते. डोमेन नाव विकणारा रजिस्ट्रार ते नाव निलंबित करू शकतो. ज्या सर्व्हरवर पाने ठेवलेली असतात ती होस्टिंग कंपनी ती पाने काढू शकते. मध्ये एखादी प्रॉक्सी सेवा, म्हणजे मूळ सर्व्हर लपवून पुढे उभी राहणारी सेवा, असेल तर ती आपले संरक्षण काढून घेऊ शकते किंवा निदान मूळ सर्व्हर कुठे आहे ते सांगू शकते. आणि या सर्वांच्या आधी ब्राउझर लाल इशारा दाखवून माणसाला दारातच थांबवू शकतो. गुन्हेगाराने स्वतः विकत घेतलेले डोमेन असेल तर रजिस्ट्रारकडे जाणे योग्य, कारण त्या नावावर दुसऱ्या कोणाचे काही अवलंबून नसते. पण पुष्कळदा फिशिंगचे, म्हणजे खऱ्या संस्थेची नक्कल करून लोकांचे पासवर्ड चोरणारे, पान एखाद्या निरपराध संस्थेच्या हॅक झालेल्या वेबसाइटवर, कुठल्याशा आतल्या फोल्डरमध्ये दडवलेले असते. अशा वेळी डोमेन निलंबित करण्याचा आग्रह धरला तर त्या संस्थेची ईमेल बंद पडते आणि सगळे कामकाज ठप्प होते. तिथे होस्टिंग कंपनी आणि साइटचा मालक यांच्याकडेच जावे लागते. हा फरक न ओळखता एकच छापील तक्रार सगळीकडे पाठवणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात निष्पापांचे नुकसान होते आणि तक्रारी हाताळणारा माणूस पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही संशयाने पाहू लागतो.

आता वेळेबद्दल, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. रिचर्ड क्लेटन आणि टायलर मूर या केंब्रिजच्या संशोधकांनी २००७ साली फिशिंग साइट किती काळ जिवंत राहतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीत साध्या फिशिंग साइटचे सरासरी आयुष्य सुमारे ६२ तास होते, पण मध्यक, म्हणजे निम्म्या साइट ज्याच्या आत पडल्या तो काळ, मात्र २० तासांच्या आसपास होता. म्हणजे बहुतेक साइट लवकर पडत होत्या आणि थोड्या साइट आठवडेच्या आठवडे तशाच उघड्या राहून सरासरी वर ओढत होत्या. अशा रेंगाळणाऱ्या साइट नुकसान करत राहू शकतात, कारण त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष राहिलेले नसते. त्यामुळे एखादी टेकडाउन कंपनी ‘आमची सरासरी इतके तास’ असे सांगते, तेव्हा मी नेहमी सर्वांत जास्त वेळ लागलेल्या प्रकरणांची यादी मागतो.

पुढे २०२० साली वर्षभराच्या नोंदींवर आधारलेला आणखी एक अभ्यास आला आणि त्याने घड्याळ अधिकच घट्ट केले. पहिला माणूस पानावर येण्यापासून शेवटचा येईपर्यंत सरासरी अवघे २१ तास जातात. संरक्षण यंत्रणांना ते पान सापडते ते पहिल्या माणसानंतर सरासरी नऊ तासांनी. आणि ब्राउझरचे इशारे पूर्ण जोरात दिसू लागायला त्यानंतर आणखी सात तास लागतात. ही बेरीज केली की दोन दिवसांनी झालेल्या टेकडाउनचे मोल किती ते वेगळे सांगावे लागत नाही: संदेश ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते त्यांच्यापर्यंत पोहोचलेले असतात, फसायचे ते फसून गेलेले असतात आणि गुन्हेगारानेही ते पान केव्हाच सोडून दिलेले असते. त्यामुळे तक्रारीची वाट पाहत बसण्यापेक्षा पान उभे राहताना पाहणे महत्त्वाचे ठरते. वेबसाइटची जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्या आज सर्वांना खुल्या आहेत. एखाद्या संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते डोमेन प्रमाणपत्र घेते त्यानंतर थोड्याच वेळात ते त्या नोंदवहीत दिसते, आणि पुष्कळदा तोवर एकही संदेश पाठवला गेलेला नसतो. जी संस्था या नोंदींवर सतत नजर ठेवते ती लोक फसण्याआधी हालचाल करू शकते.

विलंबाचे एक कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. तक्रार मिळाल्यावर होस्टिंग कंपनीचा कर्मचारी ती लिंक उघडून पाहतो आणि त्याला ‘पान सापडले नाही’ असा कोरा संदेश दिसतो. तो प्रामाणिकपणे उत्तर पाठवतो की इथे असे काही नाही, आणि तक्रार बंद करतो. त्याच लिंकवर ठरावीक देशातून, मोबाइल फोनवरून, संदेशातल्या दुव्यावरूनच येणाऱ्या माणसाला मात्र बँकेचे बनावट पान व्यवस्थित दिसत असते. पान बनवणाऱ्याने सुरक्षा कंपन्यांचे आणि होस्टिंग कंपन्यांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरील जोडणीचे क्रमांक) आधीच वगळलेले असतात. काही लिंका तर एकदा उघडल्या की दुसऱ्यांदा चालतच नाहीत. म्हणून तक्रारीबरोबर पानाचे छायाचित्र असणे, आणि ते कोणत्या प्रकारच्या फोनवरून, कोणत्या देशातून, किती वाजता पाहिले हे लिहिलेले असणे, यावर काही मिनिटांत निकाल लागणार की तक्रार केराच्या टोपलीत जाणार हे ठरते.

आता ‘दुसरी लगेच उभी राहते’ या मुद्द्याकडे येतो. ती राहते, कारण ती उभी करणे स्वस्त आहे. फिशिंगची तयार पाने एकगठ्ठा मिळतात. कोणतेही तांत्रिक ज्ञान नसलेला माणूस मासिक वर्गणी भरून असा सगळा संच वापरू शकतो. लॅबहोस्ट नावाची अशीच एक सेवा एप्रिल २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून बंद केली. ती चालवणाऱ्यांबरोबर तिच्या ग्राहकांनाही अटका झाल्या आणि शेकडो ग्राहकांना ‘तुम्ही कोण आहात ते आम्हांला माहीत आहे’ असे संदेश गेले. एकेक पान पाडण्यापेक्षा हा घाव कितीतरी खोलवर बसतो, कारण एका सेवेवर हजारो पाने उभी असतात. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगातही पहिले पान आणि दुसरे पान यांचा मूळ मजकूर, चित्रांची नावे, डोमेन नोंदवल्याची तारीख, रजिस्ट्रार आणि नेमसर्व्हर (डोमेन नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणारे सर्व्हर) ताडून पाहिले, तर ती एकाच हातची आहेत हे बहुधा दिसून येईल. आणि मग दोन सुट्या तक्रारींऐवजी एका खात्यावर नोंदवलेल्या सगळ्या डोमेनांची एकत्र तक्रार करता येते. गुन्हेगार डोमेन एकेक करून घेत नाही, घाऊक घेतो. तक्रारही घाऊकच असावी.

स्वस्ताईचा हा प्रश्न डोमेनच्या बाजारापर्यंत जातो. फ्रीनॉम ही कंपनी काही देशांच्या नावांखालची डोमेन वर्षानुवर्षे फुकट वाटत होती आणि फिशिंगवाल्यांची ती आवडती जागा झाली होती. मार्च २०२३ मध्ये मेटाने तिच्यावर दावा दाखल केल्याचे उघड झाले, त्या सुमारास नवी नोंदणी थांबली आणि पुढच्या वर्षी कंपनी या धंद्यातूनच बाहेर पडली. फिशिंग त्यामुळे संपले नाही, ते दुसऱ्या स्वस्त नावांकडे सरकले. पण फुकटची सोय गेली आणि प्रत्येक पानामागे गुन्हेगाराला काही ना काही पैसे मोजावे लागू लागले. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या करारांत एक दुरुस्तीही लागू झाली आहे. फिशिंग, मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (गुन्हेगाराच्या हुकमात गेलेल्या संगणकांचे जाळे), फार्मिंग (माणसाला नकळत बनावट साइटवर वळवणे) आणि यांपैकी काही पसरवण्यासाठी पाठवलेला स्पॅम यांबाबत पुरेसा पुरावा समोर आला, की रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री (.com सारख्या शेवटाखालच्या सर्व नावांची नोंदवही सांभाळणारी संस्था) यांनी तातडीने योग्य ती पावले उचलणे आता बंधनकारक आहे. तक्रार लिहिताना या बंधनाचा उल्लेख अवश्य करावा. मात्र पैसे घेऊन माल न पाठवणारे बनावट दुकान, खोटी गुंतवणूक योजना असे प्रकार, त्यांत फिशिंगचा भाग नसेल तर, या व्याख्येत बसतीलच असे नाही, आणि तिथे आजही बरेचसे रजिस्ट्रारच्या मर्जीवर चालते. माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट हीच आहे.

मोठ्या कारवायांचा इतिहास पाहिला तर काय टिकते आणि काय टिकत नाही हे अधिक स्पष्ट होते. ११ नोव्हेंबर २००८ रोजी मॅकोलो या कॅलिफोर्नियातील होस्टिंग कंपनीला इंटरनेट पुरवणाऱ्या दोन कंपन्यांनी तिची जोडणी तोडली आणि जगभरातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. या कंपनीच्या सर्व्हरवरून स्रिझबी नावाचे बॉटनेट चालत असे. आपला मुख्य सर्व्हर गेला तर ठरावीक गणिताने नवी डोमेन नावे तयार करून तिथे हुकूम शोधायचा, अशी सोय त्या मालवेअरमध्ये होती. फायरआय या सुरक्षा कंपनीने ते गणित उलगडून ती नावे स्वतःच आधी नोंदवायला सुरुवात केली, पण हा खर्च तिने एकटीने किती दिवस सोसायचा? तिने नोंदणी थांबवली, आणि थोड्याच दिवसांत गुन्हेगारांनी पुढची नावे घेऊन बॉटनेटचा ताबा परत मिळवला. कारवाईच्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याचा खर्च कोणी करायचा हे मात्र कोणीच ठरवलेले नसते.

याउलट हॅन्साचे उदाहरण घ्या. डार्क वेबवरील, म्हणजे ओळख लपवून वापरल्या जाणाऱ्या इंटरनेटच्या भागातील, ही बेकायदेशीर मालाची बाजारपेठ डच पोलिसांनी जून २०१७ मध्ये ताब्यात घेतली, पण बंद केली नाही. जवळपास महिनाभर ती तेच चालवत होते. दरम्यान जुलैच्या सुरुवातीला अल्फाबे ही तिच्याहून मोठी बाजारपेठ अमेरिकेच्या पुढाकाराने बंद पडली आणि तिथले लोक लोंढ्याने हॅन्सावर आले. पोलिसांनी साइटच्या संगणकीय रचनेत बदल करून पासवर्ड नोंदवले, खाजगी संदेश कूटबद्ध होण्याआधी टिपले आणि मालाच्या छायाचित्रांतून जागेची माहिती आपोआप पुसली जात होती ते थांबवले. २० जुलैला हॅन्सा बंद झाल्याचे जाहीर झाले तेव्हा सर्व्हरपेक्षाही मौल्यवान अशी एक गोष्ट गुन्हेगारांनी गमावली होती: पुढची बाजारपेठ कोण चालवतो आहे याची खात्री. फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉकबिट या खंडणीखोर टोळीच्या साइटचा ताबा घेऊन तिच्यावरच पोलिसांनी टोळीची माहिती प्रसिद्ध केली, आणि तिच्या सहकाऱ्यांनी लॉगइन केले की त्यांना पोलिसांचा संदेश दिसू लागला. तेव्हाही तेच साधायचे होते. लॉकबिटने आठवड्याभरात नवी साइट उभी केली हे खरे आहे, पण तिच्या नावाला जो धाक आणि जो भरवसा होता तो तितक्या लवकर परत आला नाही. नवा सर्व्हर भाड्याने मिळतो, साथीदारांचा विश्वास असा भाड्याने मिळत नाही.

पैसे घेऊन इतरांच्या साइटवर हल्ले करून देणाऱ्या ‘बूटर’ सेवांबाबत केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेले निष्कर्षही लक्षात घेण्यासारखे आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये एफबीआयने अशा १५ साइटची डोमेन जप्त केल्यावर हल्ल्यांची संख्या काही आठवडे घसरली आणि मग पुन्हा वर गेली. ब्रिटनमध्ये मात्र राष्ट्रीय गुन्हे संस्थेने अशा सेवा शोधणाऱ्या तरुणांना ‘हे बेकायदेशीर आहे’ असे सांगणाऱ्या जाहिराती गुगलवर दाखवल्या, तेव्हा त्या काळात तिथली हल्ल्यांची वाढ थांबलेली दिसली. ग्राहक नवखे, कमी वयाचे आणि परिणामांची कल्पना नसलेले असतील तर साधी सूचना जप्तीइतकेच काम करू शकते, आणि तेही खूप कमी खर्चात.

आणखी एका गोष्टीबद्दल मला तळमळीने लिहावेसे वाटते. ती म्हणजे कोणती साइट लवकर पडते हे बहुतेक वेळा कोणाचे नाव वापरले आहे यावर ठरते. क्लेटन आणि मूर यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की बँकांच्या नावाची फिशिंग पाने तासांत पडत होती, तर चोरीचे पैसे आपल्या खात्यातून पुढे पाठवण्यासाठी साध्या माणसांना ‘घरबसल्या नोकरी’ म्हणून भरती करणाऱ्या साइट कितीतरी जास्त काळ टिकत होत्या. त्या साइटवर कोणत्याही खऱ्या बँकेचे नाव नसे, म्हणून कोणतीही बँक तो आपला प्रश्न मानत नसे, जरी चोरलेले पैसे बाहेर काढण्याची वाट तिथूनच जात असली तरी. त्याहून विषण्ण करणारी गोष्ट अशी की मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे असलेल्या साइट, ज्या जवळपास सगळीकडे निषिद्ध मानल्या जातात, त्या फिशिंग पानांपेक्षा कितीतरी अधिक काळ चालू राहत होत्या, कारण तक्रार एका देशाच्या पोलिसांकडून दुसऱ्या देशाच्या पोलिसांकडे अधिकृत मार्गाने जात असे आणि होस्टिंग कंपनीला थेट कळवले जात नसे. बँकेच्या वतीने काम करणारी खाजगी कंपनी सीमांचा विचार न करता सरळ ईमेल पाठवते. हेच संशोधक आणखी एक गोष्ट सांगत होते: टेकडाउन कंपन्या आपल्या याद्या प्रतिस्पर्ध्यांना देत नाहीत, त्यामुळे एका कंपनीला माहीत असलेले पान दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला गंडवत दिवसेंदिवस उभे राहते. याद्या एकमेकांना देण्याची व्यवस्था पुढे थोडीफार झाली, पण ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही.

गुन्हेगार पकडणे आणि साइट पाडणे यांत निवड करावी लागते, असे प्रश्नात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात ती केवळ घाईमुळे. पान पाडण्यापूर्वी त्याची पूर्ण प्रत, सर्व्हरचा प्रतिसाद, डोमेनची नोंद आणि वेळ जतन केली तर पोलिसांचे काही बिघडत नाही. काहीच न जतन करता पान पुसले तर मात्र तपासाचा धागा तुटतो. हॅक झालेल्या साइटवर तर गुन्हेगार पुष्कळदा बनावट पानाच्या संचाची संपूर्ण झिप फाइल तशीच सोडून जातो. साइटच्या मालकाने ती उघडून पाहिली की चोरलेली माहिती कोणत्या ईमेलवर किंवा टेलिग्रामच्या कोणत्या बॉटकडे जाते ते आतल्या एखाद्या ओळीत लिहिलेले सापडते. क्वचित तिथेच एका साध्या मजकूर फाइलमध्ये फसलेल्या माणसांची खातेनावे आणि पासवर्डही ओळीने पडलेले असतात. ही फाइल म्हणजे अजून रिकामी न झालेल्या खात्यांची यादी असते. ती पोलिसांकडे आणि संबंधित बँकेकडे त्याच तासाला गेली पाहिजे, म्हणजे खाती गोठवता येतील. जानेवारी २०२१ मध्ये इमोटेट बॉटनेटवर कारवाई झाली तेव्हा डच पोलिसांना सुमारे सहा लाख ईमेल पत्ते व पासवर्ड सापडले आणि आपला पत्ता त्यात आहे का हे लोकांना तपासता यावे अशी सोय त्यांनी केली. इमोटेट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिसू लागले, तरी ज्यांनी मधल्या काळात पासवर्ड बदलले त्यांचे नुकसान टळलेच.

या कामाला एक धोकादायक बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी बाल लैंगिक शोषणाविरुद्धच्या कारवाईत एक सामायिक डोमेन चुकून जप्त केले आणि त्याखालच्या सुमारे ८४ हजार निरपराध साइटवर भेट देणाऱ्यांना अत्यंत गंभीर आरोपाचा फलक दिसू लागला. एका आयपी पत्त्यावर शेकडो साइट असू शकतात, एका डोमेनखाली हजारो लोकांची पाने असू शकतात. शिवाय खोट्या तक्रारी करून टीकाकाराची किंवा प्रतिस्पर्ध्याची साइट बंद पाडण्याचे प्रकार होतात. म्हणून तक्रार करणाऱ्याचे नाव, पुरावा, निर्णय आणि अपिलाची वाट यांची नोंद राहिलीच पाहिजे. आणि वेग हवा म्हणून हे सोडून द्यायला मी कधीही तयार होणार नाही.

शेवटी तक्रार कशी करावी ते सांगतो, कारण नीट लिहिलेल्या तक्रारीने जेवढे तास वाचतात तेवढे दुसऱ्या कशाने वाचत नाहीत. पूर्ण लिंक द्यावी, नुसते डोमेन नाव देऊ नये. पाहिल्याची वेळ कालविभागासह लिहावी. छायाचित्र, आलेला संदेश आणि ईमेल असेल तर त्याचे पूर्ण हेडर (तो कुठून कसा आला याच्या नोंदी) जोडावेत. कोणत्या खऱ्या संस्थेची नक्कल आहे ते एका वाक्यात सांगून तिच्या अस्सल पानाची लिंक शेजारी द्यावी, म्हणजे तुलना करणाऱ्याला विचार करावा लागत नाही. तीच तक्रार होस्टिंग कंपनी, रजिस्ट्रार, ब्राउझरच्या इशारा यंत्रणा, ज्या संस्थेची नक्कल झाली ती संस्था आणि पोलीस यांना एकाच वेळी पाठवावी. एकाच्या उत्तराची वाट पाहून दुसऱ्याकडे जाऊ नये. डोमेन आपल्या नजरेतून गुन्हेगाराने विकत घेतलेले आहे की हॅक झालेले आहे, हेही कारणासह लिहावे. आणि पान बंद झाल्यावर पुढचे आठ-दहा दिवस ते रोज एकदा, शक्यतो मोबाइलवरून आणि वेगळ्या जोडणीवरून, पाहत राहावे, कारण होस्टिंग कंपनीने फक्त फोल्डर पुसले असेल आणि ज्या जुन्या प्लगइनमधून किंवा चोरलेल्या पासवर्डमधून घुसखोरी झाली ती वाट तशीच राहिली असेल, तर तेच पान त्याच जागी शेजारच्या फोल्डरमध्ये परत आलेले दिसते. अशा वेळी नवी तक्रार सुरू न करता जुन्याच तक्रारीचा क्रमांक देऊन तिथेच उत्तर पाठवावे.